टेनिस एल्बो : दुखते कोपर, काम मनगटाचे

उजवा हात कोपरात वाकवून टेबलावर ठेवा. तळहात खाली, टेबलाकडे असू द्या. आता डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या थोडी पुढे, हाताच्या वरच्या मांसल भागावर हलकेच टेकवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटांखालचा स्नायू टणक झालेला तुम्हांला जाणवेल. मूठ सैल सोडा, तो पुन्हा मऊ होईल.

यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल हे की, हा स्नायू मूठ मिटविणारा नव्हेच! बोटे मिटविणारे स्नायू हाताच्या दुसऱ्या बाजूला, तळहाताच्या अंगाला असतात. तुमच्या बोटांखाली जो टणक झाला, त्याचे काम मनगट मागे, म्हणजे हाताच्या पाठीच्या दिशेने, वळविण्याचे आहे. मग मूठ आवळताना त्याने का बरे ताठ व्हावे? 'टेनिस एल्बो' या चिवट दुखण्याचे मर्म या एका प्रश्नात दडलेले आहे.

उत्तरासाठी आणखी एक प्रयोग करू. मनगट तळहाताच्या बाजूला शक्य तितके वाकवा आणि तशाच स्थितीत मुठीत एक पट्टी धरा. मित्राला ती ओढावयास सांगा. पट्टी सहज निसटेल. आता मनगट किंचित मागे वळवून पट्टी धरा. या वेळी मित्राला चांगलेच झुंजावे लागेल. बोटे मिटविणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात. त्या आखडल्या की बोटांबरोबर मनगटही आत ओढले जाते, आणि मनगट आत गेले की दोऱ्या सैल पडून पकड ढिली होते. असे होऊ नये म्हणून मागच्या बाजूचे स्नायू मनगट घट्ट धरून ठेवतात. म्हणजे पकड जितकी जोराची, तितका या मागच्या स्नायूंवर ताण अधिक. रस्सीखेचीत दोन्ही बाजू ओढत असतात म्हणून रुमाल जागच्या जागी राहतो, तसाच हा प्रकार आहे.

हे स्नायू सुरू कोठे होतात? त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, एक लहानसा उंचवटा हाताला लागतो. तेथे हे स्नायू एका सामाईक कंडरेने हाडाला जखडलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी. काम मनगटाचे, पण दोरीचा खुंटा कोपरापाशी! म्हणूनच मनगट राबते आणि कोपर दुखते.

या खुंट्यावर किती ताण येत असेल? तरफेचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळहात खाली आणि मुठीत १ किलोग्रॅमचे वजन अशी कल्पना करा. मनगट हा टेकू. वजन टेकूपासून सुमारे साडेसात सेंटिमीटरवर आहे, तर वजन पेलणारी दोरी टेकूपासून जेमतेम दीड सेंटिमीटरवरून जाते. साडेसातला दिडाने भागा. १ किलोग्रॅम पेलण्यासाठी दोऱ्यांना ५ किलोग्रॅमचा ओढा द्यावा लागतो. हिशेब ढोबळ आहे आणि ओढा तीन-चार स्नायूंत वाटला जातो, हे खरे. पण बाजारातून पाच किलोची पिशवी तळहात खाली धरून उचलली तर काय होत असेल, याचा अंदाज येतो. तीच पिशवी तळहात वर करून उचलली तर भार कोपराच्या आतल्या अंगाच्या स्नायूंवर जातो.

आता नावाविषयी. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने या दुखण्याचे पहिले वर्णन केले, ते टेनिसपटूंचे नव्हते. लिहिताना हात दुखणाऱ्यांचे होते! पुढे इंग्लंडात लॉन टेनिसची लाट आली आणि १८८०-९० या दशकाच्या आरंभी तेथील वैद्यकीय नियतकालिकांत 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव झळकले. तेच टिकले. टेनिसमध्ये चेंडू 'बॅकहँड'ने मारताना मनगट कच्चे पडले, तर फटक्याचा हिसका थेट या कंडरेवर येतो, हे खरेच. परंतु ज्यांना हे दुखणे होते त्यांच्यातील बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. धुणे पिळणारी गृहिणी, पाना फिरविणारा फिटर, रंधा मारणारा सुतार, दिवसभर ब्रश चालविणारा रंगारी, थापी घेतलेला गवंडी ही त्याची खरी गिऱ्हाइके. दर १०० प्रौढ माणसांत वर्षाला एक ते तीन जणांना ते होते, आणि तेही बहुधा पस्तीस ते पंचावन्न या वयात, म्हणजे घर ज्यांच्या हातांवर चालते त्या वयात. कपबशी उचलता येत नाही, दाराची मूठ फिरवता येत नाही, कोणी हस्तांदोलन केले तरी कळ येते. सुताराच्या बाबतीत तर 'हाताला विश्रांती द्या' हा सल्ला म्हणजे रोजगार बुडविण्याचा सल्ला ठरतो.

मग औषध काय? येथे गोष्ट मनोरंजक होते. पुष्कळ वर्षे अशी समजूत होती की, कंडरेला 'दाह' झालेला असतो. जखमेभोवती लाली, सूज आणि ऊब येते, तो दाह. दाह शमविण्याचे एक प्रभावी औषध १९५० नंतर हाती आले होते, ते म्हणजे कॉर्टिसोनच्या जातीतील स्टेरॉइड. कोपरात त्याचे एक इंजेक्शन दिले की दोन-चार दिवसांत दुखणे पळे. रोगी खूश, डॉक्टरही खूश.

१९७९ साली नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे प्रसिद्ध केले. दाहात ज्या पेशींची गर्दी व्हावयास हवी, त्या तेथे जवळजवळ नव्हत्याच. निरोगी कंडरेत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेने, समांतर असतात. येथे ते विस्कटलेले होते, आणि त्यांत अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या घुसलेल्या होत्या. थोडक्यात, रोज थोडे झिजणारे आणि रोज अपुरे दुरुस्त होणारे असे ते ठिगळ होते. कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून तर ती पांढरी दिसते. तिची डागडुजी स्नायूपेक्षा फार सावकाश चालते. आग लागलेलीच नाही तेथे पाण्याचा बंब नेऊन काय उपयोग?

अर्थात शास्त्रात नुसत्या तर्काने भागत नाही. नेदरलँड्समध्ये १८५ रोग्यांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे तीन गट पाडले. पहिल्याला इंजेक्शने, दुसऱ्याला फिजिओथेरपी, आणि तिसऱ्याला नुसता सल्ला व धीर. सहा आठवड्यांनी तपासले तेव्हा इंजेक्शनवाल्यांपैकी शेकडा ९२ जण बरे होते, फिजिओथेरपीवाल्यांपैकी ४७ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी ३२. येथेच थांबले असते तर इंजेक्शनाचा जयजयकार झाला असता. पण संशोधक थांबले नाहीत. एक वर्षानंतरचे आकडे पाहा : इंजेक्शन ६९, फिजिओथेरपी ९१, वाट पाहणे ८३. पहिला आलेला शेवटी गेला! ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही इंजेक्शनाने आधी बरे वाटलेल्या ६५ पैकी ४७ जणांचे दुखणे उलटले. वेदना गेली म्हणून माणूस हात पूर्वीसारखा वापरू लागतो, आणि कंडरा तर अजून दुरुस्त झालेलीच नसते, हे त्याचे एक कारण असावे.

चौकस वाचकाच्या मनात शंका येईल : वाट पाहणारे ८३ आणि फिजिओथेरपीवाले ९१, मग एवढी यातायात कशाला? शंका रास्त आहे. वर्षभरात बहुतेकांचे दुखणे आपोआपच जाते. मात्र पहिल्या सहा आठवड्यांतील फरकाकडे दुर्लक्ष करू नका. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला काही महिने आधी बरे होणे ही लहान गोष्ट नव्हे.

फिजिओथेरपिस्ट नेमके करतो काय? प्रथम परीक्षा. रोग्याने मूठ मिटून मनगट वर उचलायचे आणि तपासणाऱ्याने ते खाली दाबायचे. उंचवट्यावर कळ आली की खूण पटली. मग पकडीचे बळ मापकाने मोजतात. दुखू न देता किती जोराने आवळता येते, हा आकडा दर भेटीत टिपून ठेवतात. प्रगती मोजायला याहून चांगली फूटपट्टी नाही.

उपचाराचा गाभा मात्र व्यायाम आहे. दुखऱ्या दोरीला पूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी दुबळी होते; फार ताणली तर आणखी विस्कटते. या दोहोंमधला, मोजूनमापून दिलेला ताण तिला मानवतो. ताण पडला की कंडरेतील पेशी नवे कोलॅजेन विणतात आणि ते ताणाच्या दिशेने मांडतात. आरंभी मनगट न हलवता नुसता जोर लावून अर्धा-पाऊण मिनिट धरावयास सांगतात. ते सोसू लागले की 'सावकाश उतरविणे' येते. हात टेबलावर, तळहात खाली, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचे, मग मदत काढून घेऊन तीन-चार सेकंदांत हळूहळू खाली सोडायचे. असे दहा-पंधरा वेळा, थोड्या विश्रांतीने तीनदा. या उतरणीत स्नायू जोर लावीत असतानाच लांबत जातो. जिना चढण्यापेक्षा उतरताना मांड्या नंतर अधिक का दुखतात, तेही याच प्रकारच्या कामामुळे. व्यायामात थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर वजन कमी करतात. दोन-तीन महिने चिकाटी लागते. खांद्याचे व्यायामही देतात, कारण खांदा कच्चा असला की त्याचे काम मनगटाच्या गळ्यात पडते.

जोडीला कामाची पद्धत बदलतात. पान्याची, ब्रशची मूठ कापड गुंडाळून जाड करणे, वजन तळहात वर करून उचलणे, धुणे पिळण्याऐवजी निथळत ठेवणे, अशा या साध्या युक्त्या आहेत. कोपराखाली दोन-तीन सेंटिमीटरवर बांधायचा पट्टा काहींना काम करताना उपयोगी पडतो. शेकणे, बर्फ लावणे, चोळणे यांनी घटकाभर बरे वाटते. तेवढीच त्यांची किंमत.

क्वचित कोणाला शस्त्रक्रिया लागते. सचिन तेंडुलकरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या डाव्या कोपराला हे दुखणे जडले. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या बॅटीची वरची पकड डाव्या हाताची असते, आणि त्याची बॅट तर चांगलीच जड. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सुमारे पाच महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या आणि डिसेंबरात दिल्लीला आपले ३५ वे कसोटी शतक झळकविले. शस्त्रक्रिया झाली तरी व्यायाम चुकत नाहीत, कारण दोरीला पुन्हा ताण पेलण्याची सवय त्यांनीच लागते.

तुमच्या घरात कोणाला हे दुखणे असेल तर वरची माहिती त्यांना जरूर सांगा, परंतु व्यायामाचे वजन आणि वेळ तज्ज्ञालाच ठरवू द्या. आणि खेळून तुमचेच कोपर दुखू लागले तर बाटली घेऊन बसू नका. तुमच्या वयात कोपराजवळच्या हाडांची टोके अजून वाढत असतात आणि तेथील दुखण्याची कारणे निराळी असू शकतात. मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.