पाण्याखालचा पहिला धडा : श्वास रोखूं नये

विद्यार्थी मित्रहो, पोहतां येणारा मुलगा बुडी मारण्यापूर्वीं काय करतो, हें तुम्हांस ठाऊक आहेच. तो छाती भरून हवा घेतो, तोंड मिटतो आणि पाण्याखालीं जातो. डोकें पुन्हा वर येईपर्यंत ती हवा तो सोडीत नाहीं. विहिरीवर, नदीवर व समुद्रकांठीं हीच रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि तींत कांहीं वावगें नाहीं. परंतु पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरण्याची जी विद्या ‘स्कूबा’ या नांवानें ओळखली जाते, तिच्यांत नवशिक्याला शिकविला जाणारा पहिला नियम याच्या अगदीं उलट आहे. तो असा : पाण्याखालीं श्वास कधींहि रोखूं नये. ज्या संवयीनें एकाचें रक्षण होतें, तिनेंच दुसऱ्याच्या जिवावर बेतावें, असें कां होतें, याचा विचार आपण या लेखांत करूं.

‘स्कूबा’ हा शब्द ‘पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा बनलेला आहे. पूर्वींचा पाणबुड्या धातूचें शिरस्त्राण घालून उतरे आणि होडीवरील माणसें पंप चालवून लांब नळीनें त्यास हवा पुरवीत. नळी तुटली कीं त्याचा आधार तुटला. १९४३ सालीं झाक कूस्तो या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यानें व एमिल गान्यां या इंजिनियरानें या नळीपासून पाणबुड्यास मोकळें करणारें साधन सिद्ध केलें. युद्धामुळें पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं गान्यांनें एक झडप तयार केली होती. तिच्यांतच फेरफार करून हें साधन निघालें. त्यास आज रेग्युलेटर म्हणतात. मनुष्य श्वास घेऊं लागला कीं तें टाकींतील हवा सोडतें, आणि ती हवा त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबानें देतें. हें शेवटचें वाक्य लक्षांत ठेवा. पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

पृष्ठभागावर आपल्या शरीरावर वातावरणाचा दाब असतो, त्यास एक वातावरण म्हणूं. समुद्रांत दर १० मीटर खोलीस आणखी एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरांवर दोन, २० मीटरांवर तीन आणि ३० मीटरांवर चार वातावरणें. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे : उष्णमान तेंच राहिल्यास दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें. याचा पडताळा घरींहि घेतां येतो. सुई नसलेली नवी पिचकारी घ्या, दांडा अर्धा ओढा, टोंकावर बोट घट्ट धरा आणि दांडा आंत लोटा. हवा आकसते. दांडा सोडतांच तो मागें येतो. आंतील हवेला पसरावयाचें असतें, आणि तिला अडवणें सोपें नाहीं, हें बोटाला कळतें.

आतां दोन बुडी मारणारे कल्पा. दोघांच्याहि फुप्फुसांत सहा लिटर हवा मावते. पहिला किनाऱ्यावरचा पोहणारा आहे. तो वरच सहा लिटर हवा भरून घेतो व १० मीटर खालीं जातो. तेथें त्याची हवा आकसून तीन लिटर होते. वर येतांना ती पुन्हा सहा लिटर होते, त्याहून अधिक नाहीं. म्हणून श्वास रोखल्यानें त्याच्या फुप्फुसांस इजा होत नाहीं. दुसरा टाकी घेऊन गेला आहे. त्यानें १० मीटर खोलीवर दुप्पट दाबाची सहा लिटर हवा छातींत घेतली. समजा, तो घाबरला, त्यानें तोंड मिटलें आणि तो वर धांवला. पृष्ठभागाशीं येईतों त्या हवेला बारा लिटर जागा पाहिजे. फुप्फुसांत ती नाहीं. मग त्यांचें नाजूक आवरण फाटतें आणि हवेचे बुडबुडे रक्तांत शिरतात. ते मेंदूपर्यंत पोंचले तर मनुष्य वर येतांच बेशुद्ध पडतो, किंवा दगावतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ३० मीटरांवरून २० मीटरांवर येतांना दाब चारावरून तीनावर येतो. पण १० मीटरांवरून पृष्ठभागावर येतांना तो दोनावरून एकावर येतो, म्हणजे निम्मा होतो. अर्थात् हवा सर्वांत जास्त फुगते ती उथळ पाण्यांत. छाती पूर्ण भरलेली असतां अवघें दीड मीटर वर आल्यानेंहि इजा होऊं शकते. ‘फार खोल जावयाचें नाहीं, मग भय कसलें?’ हा समज म्हणूनच खोटा आहे. सुजाण शिक्षक पोहण्याच्या तलावांतहि हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावयास लावतात.

हाच दाब खालीं जातांना कानांस जाणवतो. पडद्याच्या आंतील हवा आकसते व पडदा आंत ओढला जातो. दोन मीटरांच्या आंतच कान दुखूं लागतो. त्यावर उपाय असा कीं, नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, हलकेंच नाकांतून हवा लोटावी, म्हणजे घशांतून कानाकडे जाणारी नळी उघडते. हें दुखूं लागण्यापूर्वींच आणि पुनः पुन्हा करावें. कान उघडला नाहीं तर थोडें वर यावें. जोर करूं नये. पडसें झालें असेल त्या दिवशीं पाण्यांत न जाणें हेंच शहाणपण.

तिसरा धडा वर येण्याच्या गतीचा. टाकींत निवळ प्राणवायु असतो, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. नवशिक्याच्या टाकींत बहुधा आपली नेहमींचीच हवा दाबून भरलेली असते. निवळ प्राणवायु सहा मीटरांहून खोल घेतल्यास झटके येण्याचा धोका असतो. हवेचा सुमारें चार-पंचमांश भाग नत्रवायु आहे. दाबाखालीं तो रक्तांत व मांसांत विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली तर फेंस उसळतो, हळूहळू उघडली तर वायु शांतपणें निघून जातो. शरीराचेंहि तसेंच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालतांना दाबाच्या हवेंत काम करणारे मजूर बाहेर येतांच सांधेदुखीनें तळमळत, आणि मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग हाहि १८७२ सालीं याच व्याधीनें अंथरुणास खिळला. पुढें जे. एस्. हॉल्डेन या शास्त्रज्ञानें शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आज नवशिक्यास मिनिटाला सुमारें ९ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये आणि ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असें शिकवितात. एका बुडीनंतर निदान १२ तास व अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, हाहि याच कारणाचा नियम होय.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठीं एक उदाहरण देतों. १२ लिटरांच्या टाकींत २०० वातावरणांच्या दाबानें हवा भरली तर ती सुमारें २४०० लिटर होते. मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल, १० मीटरांवर एक तास आणि २० मीटरांवर चाळीसच मिनिटें. त्यांतूनहि परतीसाठीं सुमारें चौथा हिस्सा राखून ठेवावा लागतो. आणि जो घाबरून धापा टाकतो, त्याची शिदोरी याहून लवकर संपते.

म्हणूनच शिक्षणाचा मोठा भाग शरीराच्या बळाचा नसून मनाच्या स्थैर्याचा असतो. प्रथम पुस्तकी पाठ, मग तलाव, मग समुद्र, असा क्रम असतो. २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटें तरंगून दाखवावें लागतें. चष्म्यांत मुद्दाम पाणी घेऊन तें नाकानें हवा सोडून बाहेर काढावें लागतें. तोंडांतील रेग्युलेटर काढून पुन्हा घालावा लागतो, आणि तो बाहेर असेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडीत राहावें लागतें. पहिला नियम येथेंहि सुटत नाहीं. हातांच्या खुणा पाठ कराव्या लागतात. जमिनीवर आंगठा वर केला तर ‘छान’ असा अर्थ होतो. पाण्यांत त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ‘ठीक आहे’ हें सांगण्यास आंगठा व तर्जनी जुळवून वाटोळें करतात. एकट्यानें कधीं उतरावयाचें नसतें. प्रत्येकाची दृष्टि जोडीदारावर असते. अडचण आली तर थांबावें, श्वास घ्यावा, विचार करावा आणि मगच हालचाल करावी.

पालकांस दोन शब्द. आपल्या कोंकणांत मालवण व तारकर्ली येथें ही विद्या आज पुष्कळांच्या आटोक्यांत आली आहे, आणि सुटींत तेथें गेलेलीं मुलें ‘आम्हांलाहि खालीं जावयाचें आहे’ असा हट्ट धरतात. तो सरसकट मोडावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वाटाड्यानें हात धरून घडविलेलें अर्ध्या तासाचें दर्शन निराळें आणि शिक्षण निराळें, हें मुलांस समजावून द्यावें. मोठ्या शिक्षणसंस्थांच्या नियमांप्रमाणें बहुधा दहा वर्षांखालील मुलांस समुद्रांतील शिक्षण देत नाहींत, आणि प्रौढ नवशिक्यासहि १८ मीटरांपलीकडे नेत नाहींत. मुलास पाठविण्यापूर्वीं विचारावें : शिक्षकाजवळ प्रमाणपत्र आहे काय? एका शिक्षकामागें किती जण उतरणार? दमा, कान अथवा हृदय यांविषयीं चौकशी होते काय? उतरण्यापूर्वीं मुलास श्वासाचा नियम व खुणा समजावून देतात काय? यांचें उत्तर जेथें घाईनें किंवा हंसण्यावारी मिळेल, तेथून दिलेले पैसे सोडून परत फिरावें.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं जो उत्तम पोहणारा असेल त्यानें विशेष जपावें. त्याची जुनी संवय त्यास संकटाच्या क्षणीं तोंड मिटावयास सांगेल. ती संवय मोडून नवी अंगीं बाणेपर्यंत त्यानें तलावांतील धडे कंटाळा न करितां पुनः पुन्हा गिरवावे. बॉइलचा नियम परीक्षेंत चुकला तर चार गुण जातात. समुद्रांत तो चुकून चालत नाहीं.