चार कंपन्या, चार गुणांक

बारावीचा निकाल लागला की शैक्षणिक कर्जाविषयी विचारायला पालक शाळेत येतात. अशा कर्जात बहुधा आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणून बँक त्यांचाही क्रेडिट स्कोअर पाहते. मागे एका पालकांचा अर्ज अडकला. केव्हाच फेडलेले कर्ज त्यांच्या नावावर थकीत दिसत होते. तेव्हा आम्हीही हा विषय समजून घेतला.

भारतात हे काम चार कंपन्या करतात : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० असतो. जितका जास्त, तितकी पत चांगली. एकच उत्तरपत्रिका चार परीक्षकांनी तपासावी, तसे चौघींचे आकडे वेगळे येतात, कारण प्रत्येकीचे सूत्र वेगळे. थोड्या फरकाने घाबरू नये. आकड्याबरोबर खालच्या नोंदीही वाचाव्यात : कोणते खाते, किती बाकी, हप्ता कधी चुकला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो तिच्या संकेतस्थळावरून मागवावा. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. चूक दिसली तर लगेच तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून आहे.

आमची विनंती एवढीच : मूल अकरावीत असतानाच आपला अहवाल पाहून ठेवा. नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागतो. प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही.