वेगळे करणे

वसमतच्या शिवारात हळद काढली, की निवडीचे काम सुरू होते. कंदांची माती झाडून जाड गड्डे एका बाजूस व हळकुंडे दुसऱ्या बाजूस करतात. दोन्ही सारखी शिजत नाहीत. म्हणून ती निरनिराळी शिजवावयाची असतात. या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे असे कष्टही आहेत.

अशा वेगळे करण्यास इंग्रजीत ‘सेग्रिगेशन’ म्हणतात. कळपापासून अलग करणे, हा त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ. मराठीत मात्र प्रसंग पाहून शब्द योजतात. धान्य आपण निवडतो, भाऊ विभक्त होतात, कचऱ्याचे ओला व सुका असे वर्गीकरण करतात आणि संसर्ग झालेल्या रोग्याचे विलगीकरण करतात.

विलगीकरण म्हणजे टाकून देणे नव्हे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सरकारने घरे झडून संशयितांना छावण्यांत नेले. त्या कामातील दांडगाईने लोक संतापले. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याला दूर ठेवावे लागले, तरी त्याला अंतर देऊ नये, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

परंतु माणसाला त्याच्या जन्मावरून वेगळे काढले, तर त्यास काय म्हणावे? ज्या पाण्यावर गुरेढोरे जात, तेथे अस्पृश्य मानलेल्या माणसांस मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तो हक्क बजावला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अमेरिकेतही १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून निराळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. अशा वेगळेपणास ‘विलगीकरण’ हा सौम्य शब्द पुरत नाही; त्याचे खरे नाव भेदभाव.

म्हणून शब्द योजण्यापूर्वी पाहावे : कोणाला वेगळे केले, कशासाठी आणि किती काळ? रोगी बरा झाला, की घरी परततो. जन्मावरून दूर लोटलेल्या माणसाला मात्र परतण्याचा दिवसच नेमून दिलेला नसतो.

स्वाध्याय
१. ‘निवडणे’, ‘विभक्त होणे’ व ‘वर्गीकरण’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
२. विलगीकरण व भेदभाव यांतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.