चंद्रावर हवा नाही, मग गंज कुठून आला?

"चंद्रावर वातावरण नाही" हे वाक्य सांगून आपण मोकळे होतो. पण तिथे अतिशय विरळ वायू आहेत. चांद्रयान-२ ने त्यातला आर्गॉन मोजला.

पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र आहे. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून त्याच्या नोंदी होतात. सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, हे क्षेत्र मागे ढकलतो. त्याची लांब शेपटी तयार होते. पौर्णिमेच्या सुमारास पाच-सहा दिवस चंद्र या शेपटीतून जातो. तेव्हा त्याच्यावरचा सौरवाऱ्याचा मारा खूप कमी होतो आणि पृथ्वीच्या हवेतून निसटलेले ऑक्सिजनचे कण तिथवर पोहोचतात. जपानच्या कागुया यानाने ते टिपले.

चांद्रयान-१ च्या माहितीत २०२० साली चंद्रावर हेमेटाइट, म्हणजे गंजासारखं लोहखनिज सापडलं. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन पृथ्वीचाच असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

वर्गात कसं शिकवायचं? सकाळी प्रार्थनेनंतर मैदानात एका मुलाला 'पृथ्वी' करा. त्याची सावली पडते ती शेपटीची दिशा. दुसरा 'चंद्र' होऊन त्याच्याभोवती फिरेल. सावलीच्या बाजूला आला की पौर्णिमा!

मात्र एक फरक नक्की सांगा. ही शेपटी सावलीपेक्षा कितीतरी रुंद असते. म्हणून ग्रहण दर पौर्णिमेला होत नाही, पण चंद्र शेपटीत दर पौर्णिमेला शिरतो.

यंदा कोजागिरीला दूध आटवताना मुलांना वर बघायला सांगा: आपल्या हवेचे काही कण आत्ता तिकडे निघालेत.