मास्क निवडताना आधी हवेत काय आहे ते पाहा



केबिन रोडच्या आसपासच्या वस्त्यांतून आपली कितीतरी माणसं स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत, वेल्डिंगला, रंगकामाला आणि सफाईला जातात. एका रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही रक्तदाब तपासत बसलो होतो. एक ताई म्हणाली, "ताई, ह्यांचा मास्क मी रोज साबणाने धुऊन देते, तरी खोकला जात नाही." मास्क पाहिला, तर एन-९५ होता. धुऊन धुऊन त्याची ताकद गेलेली. त्या ताईचा दोष नव्हता, कारण मास्क देणाऱ्याने काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून हा पाठ.

धूळ आणि धूर

बफिंग, घासकाम, सिमेंट, लादी कापणे यांत बारीक कण उडतात. रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क ते पुरेसे अडवत नाही, कारण हवा कडेने आत शिरते. इथे एन-९५ किंवा एफएफपी-२ लागतो. एन-९५ हा तेल नसलेले बारीक कण किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. लादी आणि दगडाच्या धुळीत सिलिका असते. तिने फुप्फुसं कायमची कडक होतात आणि टीबीचा धोका वाढतो. स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं. तिथे धूर खेचून घेणारा पंखाही हवा.

वाफ

थिनर, स्प्रेचा रंग, अॅसिड यांची वाफ एन-९५ मधून सरळ आत जाते. त्यासाठी रबरी मास्क आणि त्याला त्या-त्या वाफेचा डबा, म्हणजे कार्ट्रिज, लागतो. थिनरचा डबा अॅसिडला चालेलच असं नाही, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. स्प्रेच्या रंगाला पुढे धुळीचा फिल्टरही लावावा. मास्क घालूनही वास आला, तर लगेच बाहेर या आणि डबा बदला.

गटार आणि सेप्टिक टँक

इथे वरचे दोन्ही मास्क निरुपयोगी आहेत. मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५ च्या खाली गेला की धोका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो. "वास नाही, उतर" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. उतरू नका, अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण दीड हजारासाठी गेलेला माणूस ३० लाखांनी परत येत नाही. हे काम वर्षानुवर्षे कोणाच्या वाट्याला टाकलं गेलं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

घालताना

- एन-९५ चे दोन्ही पट्टे लावा, एक डोक्यावर, एक मानेवर. नाकावरची पट्टी दाबून बसवा.
- दाढी असेल तर मास्क घट्ट बसत नाही.
- दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. कडेने हवा आली तर पुन्हा बसवा.
- धुऊ नका. मळला, फाटला, ओला झाला किंवा श्वास जड झाला तर टाका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासा, ती मोफत होते. डॉक्टरांना काम काय करता ते जरूर सांगा. मास्क मालकाने द्यायचा असतो, तो पगारातून कापायचा नाही. एकट्याने मागायला भीती वाटत असेल, तर चौघांनी मिळून मागा.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कामगाराच्या जिवाला किंमत आहे, हे त्यांनी सरकारदरबारी मांडलं. आपण ते गाळ्याच्या दारात मांडू या.