पाय गेले, हात राहिले

कुस्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन गडी मातीत उतरतात, एकमेकांना धरतात, आणि ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. मुष्टियुद्ध जरा निराळे असते. त्यालाच बॉक्सिंग म्हणतात. दोरांनी घेरलेला चौकोनी ओटा असतो. दोघांच्या हातांत जाड, फुगीर मोजे असतात. पकडायचे नाही, ओढायचे नाही. फक्त मुठीने ठोसा मारायचा, तोही कमरेच्या वर.

पाहणाऱ्याला वाटते, हा खेळ हातांचा. पण जाणता माणूस आधी पाय पाहतो. पाय चपळ नसले तर समोरच्याचा ठोसा चुकवता येत नाही.

ही गोष्ट अशा एका मुष्टियोद्ध्याची आहे, ज्याचे पायच गेले.

त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४ सालचा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. लहानपणी त्यांना कुस्तीचा नाद होता. कोवळ्या वयातच ते सैन्यात गेले. तिथे ते मुष्टियुद्ध शिकले आणि त्यात नाव काढले. १९६४ साली जपानातल्या टोकियो शहरात देशोदेशीच्या सैनिकांचे सामने झाले. पेटकरांनी तिथे मुष्टियुद्धात पदक मिळवले. वय अवघे वीस वर्षांचे.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, पाकिस्तानशी लढाई झाली. तीत पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात अडकून राहिली. कण्यातून जाड दोरीसारखी एक शीर खाली जाते. मेंदूचा हुकूम तिच्यातूनच पायांना पोचतो. ती दुखावली की पाय जागच्या जागी असतात, पण ऐकत नाहीत. मुष्टियुद्ध तिथेच संपले.

इस्पितळात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवू लागले. काहून? तर पाण्यात अंगाचा भार हलका होतो आणि लुळ्या शरीरालाही हालचाल करता येते.

शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांत विहिरी काही कमी नाहीत. ज्यांनी पाठीला डबा बांधून विहिरीत उडी घेतली असेल, त्यांना ठाऊक आहे की पाय मारले नाहीत तर ते बुडू लागतात आणि अंगाला मागे ओढतात. पेटकरांना पाय मारताच येत नव्हते. सारे ओझे खांद्यांवर आणि दमावर. पण ठोसे मारून मारून खांदे कसलेले होते, आणि दम कसा टिकवायचा तेही अंगवळणी होते. जुन्या खेळाची ही कमाई वाया गेली नाही, असे मला वाटते.

अपंगांचे जागतिक सामने दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या शिपायांपासूनच सुरू झाले. गुटमान नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली इंग्लंडात, कणा दुखावलेल्या शिपायांसाठी, ते प्रथम भरवले. पुढे त्यांचेच पॅरालिंपिक झाले. १९६८ साली इस्रायलमधल्या तेल अवीवला पेटकर टेबल टेनिस खेळले. पण पदक मिळाले नाही. परदेशी जाणे खर्चाचे काम. क्रिकेटवीर विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांना मदत केली.

मग आले १९७२ साल. गाव जर्मनीतले हायडलबर्ग. पोहण्याची शर्यत ५० मीटरची, म्हणजे सुमारे १६४ फूट. चालत गेले तर सत्तर-ऐंशी पावले. एवढे अंतर पेटकरांनी केवळ हातांच्या बळावर ३७.३३ सेकंदांत कापले. त्या प्रकारातला तो जागतिक विक्रम ठरला. सुवर्णपदक मिळाले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक. त्याच सामन्यांत ते भालाफेकीतही उतरले होते, बरं!

घरी परतल्यावर मिरवणुका निघाल्या असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे फारसे झाले नाही. पेटकरांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. मोठी माणसे तर सोडाच, शाळेतल्या पोरांनाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

२०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ नावाचा हिंदी सिनेमा निघाला. तो पाहून पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा पेटकर ८० वर्षांचे होते.

पदक १९७२ सालचे, अर्जुन पुरस्कार २०२५ सालचा. मध्ये किती वर्षे गेली? पाटीवर वजाबाकी मांडून पाहा.