बंद पडलेला ट्रॅक्टर पुन्हा सुरू करताना

ग्रामीण भागात फिरताना गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा असलेला जुना ट्रॅक्टर आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. चालविणारा हात थकला, मुले नोकरीसाठी शहरात गेली किंवा एखादी दुरुस्ती लांबणीवर पडली, की असा ट्रॅक्टर जागच्या जागी राहतो आणि बघता बघता आठ-दहा वर्षे निघून जातात. पुढे कधी तरी घरात विषय निघतो : हाच पुन्हा चालू केला तर? हा विचार चुकीचा नाही. मात्र सुरुवात कोठून करावी हे ठाऊक नसल्याने पुष्कळदा नुकसान होते. ते टळावे, या हेतूने हा लेख.

दोन अनुभव

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील एका शाखेत काम करीत असताना एकाच हंगामात दोन ग्राहक माझ्याकडे आले. पहिला तरुण शेतकरी होता. वडिलांचा ट्रॅक्टर सात वर्षे बंद होता. पेरणी तोंडावर आली म्हणून त्याने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला टोचन लावून तो ओढला आणि गियर टाकून क्लच सोडला. मोठा आवाज झाला आणि सारे थांबले. वळवाच्या पावसाचे पाणी सायलेन्सरमधून आत शिरून सिलिंडरमध्ये साठले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकला. थोडक्यात आटोपणाऱ्या कामासाठी आता संपूर्ण इंजिन उतरवावे लागणार होते आणि त्याकरिता कर्ज मागण्यास तो आला होता.

दुसऱ्या ग्राहक होत्या साठी ओलांडलेल्या एक बाई. त्यांच्याकडे बी-२७५ हा ट्रॅक्टर होता. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली स्थापन केलेल्या कंपनीचे हे प्रसिद्ध मॉडेल मुंबईतील कांदिवली येथे तयार होत असे. त्या म्हणाल्या, ''साहेब, मालकांनी कर्ज काढून हा घेतला अन् सगळं कर्ज फेडून गेले. पोरगा म्हणतोय भंगारात घालू अन् नव्याला कर्ज काढू. तुम्ही काय म्हणता?'' मी म्हणालो, ''काकू, चालू करून बघायची घाई करू नका. आधी मेस्त्रीला दाखवा, तो काय काय सांगतो ते कागदावर लिहून आणा. मग आपण हिशेब करू.''

या दोन प्रसंगांतून शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे. इंजिन चालू करून पाहणे ही पहिली पायरी नव्हे, ती शेवटची पायरी होय.

आधी पाहणी

बॅटरी जोडण्यापूर्वी संपूर्ण ट्रॅक्टर डोळ्यांखालून घालावा. एअर क्लीनर व सायलेन्सरमध्ये उंदरांची किंवा गांधीलमाश्यांची घरे असू शकतात. उंदरांनी वायरींचे वेष्टण कुरतडलेले असेल तर बॅटरी जोडताच ठिणगी पडून आग लागण्याचा धोका असतो. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर बहुधा तेलाचा असतो. तो धुऊन त्यात खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. अधिक भरल्यास इंजिन ते तेल आत ओढून घेते.

इंजिन हाताने फिरविणे

यानंतर सर्व नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे आणि किमान एक दिवस वाट पाहावी. मग ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक हाताने फिरवावा. नोझल काढलेले असल्याने आत पाणी असेल तर ते छिद्रांतून बाहेर येते. क्रँक फिरला नाही तर जोर करू नये. गंजामुळे पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात. बळजबरीने त्या तुटतात आणि लायनरवर ओरखडे पडतात. पुन्हा तेल सोडून काही दिवस थांबावे आणि क्रँक मागे-पुढे हलवून पाहावा. एवढे करूनही इंजिन सुटले नाही तर हेड उतरविण्याचा निर्णय जाणत्या मेस्त्रीवर सोपवावा.

तेल, डिझेल आणि पाणी

चेंबरमधील जुने ऑइल काढताना त्याकडे नीट पाहावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने प्रथम तेच बाहेर येते. ऑइल दुधाळ दिसल्यास पाणी त्यात मिसळले आहे असे समजावे व ते कोठून आले हे शोधावे. गियर पेटीतील ऑइलही असेच तपासावे. टाकीतील जुने डिझेल वापरू नये. टाकीच्या तळाशी पाणी साचते, पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू वाढून चिकट गाळ तयार होतो आणि तो फिल्टर बंद करतो. टाकी धुऊन, फिल्टर बदलून, ताजे डिझेल भरून पाइपांतील हवा काढावी. रेडिएटर, त्याचे रबरी पाइप व पाण्याचा पंपही तपासावा.

सर्वांत महत्त्वाची तपासणी डिझेल पंपाची आहे. वर्षानुवर्षे बंद राहिल्याने पंपातील डिझेलचे प्रमाण ठरविणारी पट्टी जागीच अडकते. ती पूर्ण डिझेलच्या स्थितीत अडकली असेल तर इंजिन सुरू होताच वेग वाढत जातो आणि बंद करण्याची दांडी ओढूनही ते थांबत नाही. म्हणून पंप व नोझल पंपदुरुस्तीच्या दुकानात तपासून घ्यावेत. नोझलमधून उडणारा फवारा कातडीच्या आत शिरण्याइतका जोरदार असतो. त्यासमोर हात धरू नये.

क्लच, ब्रेक आणि पहिली सुरुवात

क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. अशा वेळी क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे जातो आणि समोरचा मनुष्य सापडतो. पहिल्या सुरुवातीस चाकांना दगड लावावेत, गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि पुढे-मागे कोणालाही उभे राहू देऊ नये. प्रथम डिझेल बंदची दांडी ओढून स्टार्टरने थोडा थोडा वेळ इंजिन फिरवावे आणि ऑइलचा काटा वर सरकल्यावरच डिझेल सोडावे. हवेचे तोंड झाकण्यासाठी एक सपाट फळी हाताशी ठेवावी. वेग आवरेनासा झाल्यास तीच इंजिन बंद करते. हे काम हाताने किंवा कापडाने कदापि करू नये. ब्रेकची खात्री झाल्याशिवाय ट्रॅक्टर शेडबाहेर काढू नये. भेगा पडलेल्या टायरांवर ट्रॉली ओढू नये.

हिशेबाची बाजू

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मी ग्राहकांना एक पथ्य सांगतो : पैसा टप्प्याटप्प्याने खर्च करावा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची तयारी ठेवावी. पहिला टप्पा तपासणीचा. त्याचा खर्च तुलनेने अल्प असतो. त्यानंतर सर्व दुरुस्तीचा, टायरांसह, लेखी अंदाज घ्यावा. सुटे भाग मिळतात काय हेही आधीच विचारावे. पिंजोर येथील एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. अशा ट्रॅक्टरांबाबत ही चौकशी विशेष आवश्यक आहे.

उदाहरणादाखल समजा, दुरुस्तीस १,५०,००० रुपये लागणार आहेत. भाड्याच्या ट्रॅक्टरवर वर्षाला ६०,००० रुपये जातात आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचे डिझेल, ऑइल, विमा व देखभाल यांवर ३०,००० रुपये जातील. वार्षिक बचत ३०,००० रुपये. म्हणजे व्याज सोडून पाच वर्षांत पैसे वसूल. परंतु जमीन थोडी असून भाडे वर्षाला २५,००० रुपयेच होत असेल तर बचत काहीच नाही. तसेच त्याच मॉडेलचा चालू ट्रॅक्टर बाजारात दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कमी किमतीत मिळत असेल, तर ती दुरुस्ती गुंतवणूक ठरत नाही. पूर्वी त्या ट्रॅक्टरवर किती खर्च केला, हा आकडा या हिशेबात धरू नये. तो पैसा परत येणारा नसतो.

कागदपत्रे

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. कर्ज फिटले असले तरी नोंदणी पुस्तकावरील बँकेच्या नजरगहाणाची नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी बँकेच्या सहीने फॉर्म ३५ सादर करावा लागतो. मूळ मालकाचे निधन झाले असल्यास वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ मध्ये अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत उलटून गेली असल्यास परिवहन कार्यालयाशी त्वरित संपर्क साधावा. रस्त्यावर नेण्यापूर्वी निदान तृतीय पक्ष विमा असणे कायद्याने बंधनकारक आहे.

काकू दोन आठवड्यांनी मेस्त्रीचा कागद घेऊन आल्या. सोबत मुलगाही होता. इंजिन चौथ्या दिवशी मोकळे झाले होते. पंपाची पट्टी मात्र अडकलेली निघाली होती. न तपासता इंजिन सुरू केले असते तर काय झाले असते, हे मेस्त्रीने मुलास समजावून सांगितले होते. आम्ही तिघांनी बसून आकडे मांडले. त्यांची जमीन व भाड्याचा खर्च पाहता दुरुस्ती परवडत होती आणि तेवढी रक्कम त्यांच्या मुदत ठेवीत होती. नव्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा अर्ज मुलाने भरलाच नाही. नजरगहाणाची जुनी नोंद अजून तशीच होती. फॉर्म ३५ वर शाखेची सही घेऊन मायलेक घरी गेले. त्या दिवशी शाखेचे एक कर्जप्रकरण कमी झाले, पण ग्राहकाला योग्य सल्ला दिल्याचे समाधान मोठे होते.